केन डॅनिको: १,२८३ सामने, ३६ गोल

वीस मोसम एकाच संघात. १,२८३ सामने. आणि गोल किती, तर ३६. दुसऱ्यांच्या गोलांना मदत केल्याचे १४२ गुण धरले तरी सगळी बेरीज १७८. आइस हॉकीतला सगळ्यांत मोठा म्हणून ज्याचं नाव घेतात तो वेन ग्रेट्झकी एकेका मोसमात दोनशेच्या वर गुण करायचा, आणि हे त्यानं चार वेळा केलं. म्हणजे मी ज्याच्याबद्दल लिहायला बसलोय त्याची अख्खी कारकीर्द ग्रेट्झकीच्या एका मोसमात मावते आणि वर जागा उरते. तरीही न्यू जर्सी डेव्हिल्स या संघानं त्याचा ३ नंबर कायमचा राखून ठेवला. २४ मार्च २००६ ला त्याच्या नंबरचा पट्टा स्टेडियमच्या छताला चढवला. आता त्या संघात तो नंबर दुसऱ्या कोणाला मिळणार नाही.

केन डॅनिको त्याचं नाव. मी आजवर जे जे खेळ बघितले, त्या सगळ्यांतला माझा सगळ्यांत आवडता खेळाडू.

मी देवगड तालुक्यातला. आमच्याकडे बर्फ म्हणजे जेटीवर टेम्पोतून उतरणाऱ्या लाद्या. मशीनमध्ये टाकल्या की चुरा होऊन सरळ क्रेटमधल्या बांगड्यांवर. आणि खेळ म्हणजे कबड्डी. शाळेपासून मी डाव्या कॉर्नरला, म्हणजे बचावाच्या डाव्या टोकाला, उभा राहिलो. पुढे गावच्या मंडळातून, मग तालुक्याच्या संघातून, जत्रेच्या दिवसांत हॅलोजनच्या उजेडात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत खेळलो. नंतर बोटीवर लागलो, इंजिन रूममध्ये मोटरमन म्हणून. ती नोकरी आता सोडली. सकाळी कलमांची कामं असतात आणि संध्याकाळी शाळेमागच्या मैदानावर गावातल्या मुलांना कबड्डी शिकवतो. त्यातही कॉर्नर आणि कव्हर ही बचावातली मुलं माझ्याकडची. चढाईवाल्यांना शिकवायला दुसरे आहेत, त्यांची कमी कधीच पडत नाही.

२००३ च्या जूनमध्ये आमची बोट माँट्रियलला लागली होती. वॉच संपवून आम्ही काहीजण सीमेन्स क्लबला गेलो. तिथं जायचं ते घरी फोन लावायला. तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे आपली पहाटेची साडेपाच, आई उठलेली असायची. त्या रात्री क्लबात फोनपेक्षा टीव्हीपुढे गर्दी होती. ९ जून, स्टॅनली कपच्या, म्हणजे तिकडच्या आइस हॉकी लीगच्या किताबाच्या, अंतिम फेरीचा सातवा सामना. सातांत चार जिंकेल त्याचा कप, आणि दोन्ही संघ तीन-तीनवर. न्यू जर्सी विरुद्ध अ‍ॅनाहाइम.

क्लबात कॉफी द्यायला एक म्हातारे गृहस्थ असायचे, फुकट सेवा करणारे. ते न्यू जर्सीच्या बाजूनं होते, आणि त्याचं कारण होतं तिथले प्रशिक्षक पॅट बर्न्स. बर्न्स मूळ माँट्रियलचे. आधी पोलिसात होते, नंतर माँट्रियलच्या संघाचे प्रशिक्षक झाले. आपला माणूस दुसऱ्याच्या अंगणात गेला तरी आपलाच, हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको होतं. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. चेंडूच्या जागी असते ती चकती एवढ्या वेगानं फिरते की पहिल्यांदा बघणाऱ्याला ती दिसतच नाही. म्हाताऱ्यांनी ते ओळखलं आणि बोटानं दाखवलं, चकतीकडे बघू नकोस, तो तीन नंबर बघ.

मग त्यांनी सांगितलं की हा माणूस ३९ वर्षांचा आहे. १९८३ पासून याच संघात आहे. या अंतिम फेरीत पहिले सहा सामने याला बाहेर बसवलं होतं, आणि शेवटच्या, सातव्या सामन्याला बर्न्सनी त्याला आत घेतलंय.

मी तीन नंबर बघत बसलो आणि खेळ उलगडायला लागला. बाकीचे पुढे धावतात, हा मागे धावतो. समोरचा चकती घेऊन अंगावर येतोय आणि हा त्याच्याकडे तोंड करून, पाठीमागे घसरत, मधलं अंतर काठीएवढं ठेवतोय. त्याच्यावर झडप घालत नाही. त्याला मधली वाट देत नाही. हळूहळू कडेच्या फळीकडे नेतो, आणि तिथं जागा संपली की खांदा देतो. मी तोंडातला घास तसाच ठेवून बघत होतो. हा तर कॉर्नर! चढाईवाल्याला बोनस रेषेपर्यंत येऊ द्यायचं, पाय आत पडेपर्यंत हलायचं नाही, त्याची परतीची वाट आपल्या बाजूनं बंद ठेवायची आणि घोटा हाताच्या टप्प्यात आला की मगच सूर मारायचा. आमचे अण्णा, ज्यांनी मला कबड्डी शिकवली, ते मैदानाबाहेरून एकच गोष्ट ओरडायचे, “हात सुटलो तरी चलात, जागा सुटूक नको!” ते वाक्य मला माँट्रियलच्या क्लबात ऐकू आलं.

न्यू जर्सी ३-० नं जिंकली. माइक रप नावाच्या नवख्या पोरानं पहिला गोल केला, गोलरक्षक मार्टिन ब्रोदूरनं एकही गोल होऊ दिला नाही. डॅनिकोच्या नावावर काहीच लागलं नाही. तो त्याचा शेवटचा सामना ठरला. तिसऱ्यांदा कप उचलून तो बर्फावरून उतरला आणि पुन्हा खेळाडू म्हणून चढला नाही.

त्यानंतर मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो आणि इंटरनेट स्वस्त झाल्यावर जुने सामने बघत गेलो. हल्लीचे सामनेही बघतो. हिवाळ्यात तिकडची संध्याकाळ आपल्या पहाटेला पडते, कलमांना पाणी घालायच्या आधी एक डाव बघून होतो.

या माणसाचं काम नेमकं काय असतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण ते कळल्याशिवाय ३६ गोलांचा अर्थ लागत नाही. बर्फाचं मैदान ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद, चारी बाजूंनी फळ्या. एका बाजूचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. पाचांतले दोन बचावाचे. पाऊण मिनिटाच्या आसपास जीव तोडून खेळायचं, की बाहेर येऊन बसायचं आणि दुसरी जोडी आत. चकती कडक रबराची, जास्तीत जास्त १७० ग्रॅमची. उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. चांगला फटका ताशी दीडशे किलोमीटरच्या वर जातो. आणि बचावपटूनं काय करायचं, तर त्या फटक्याच्या आड जायचं. गुडघा टेकून, नडगी पुढे करून. पॅड असतात, पण पॅडच्या मध्ये फटी असतात आणि चकती फट शोधते.

दुसरं काम गोलाच्या तोंडाशी. समोरच्या संघाचा एखादा दांडगा खेळाडू गोलरक्षकाच्या पुढ्यात येऊन उभा राहतो, त्याला काही दिसू नये म्हणून. त्याला तिथून हलवायचं. हे काम दिसायला अगदीच वाईट. ढकलाढकली, कोपर, काठीचे दणके, मधेच हातापायी आणि मग शिक्षा म्हणून दोन किंवा पाच मिनिटं कोंडीत. डॅनिकोनं कारकिर्दीत अडीच हजारांवर मिनिटं त्या शिक्षेत काढली. पुढचे दात गेले. हसला की तो मोकळा हिरडीचा भाग दिसायचा आणि न्यू जर्सीच्या लोकांना तेच हसू ओळखीचं झालं.

पण मला सगळ्यांत मोठं वाटतं ते हे की असं अंग झिजवणारा खेळ खेळून तो १९८९ ते १९९४ सलग ३८८ सामन्यांत उतरला. एकही चुकवला नाही. कबड्डीत एक मोसम सलग कॉर्नर खेळलेल्या कोणालाही विचारा. बोटं, मनगट, खांदा, गुडघा, यातलं काही ना काही कायम सुजलेलं असतं. सकाळी तांब्या उचलताना कळतं काल कोण आला होता ते.

आणि तो संघ काही पहिल्यापासून जिंकणारा नव्हता. १९८२ मध्ये कोलोरॅडोहून उठून न्यू जर्सीला आला. डॅनिकोच्या पहिल्या मोसमात, नोव्हेंबर १९८३ मध्ये एडमंटनकडून १३-४ असा मार खाल्ला, आणि जिंकलेल्या संघातल्या ग्रेट्झकीनं या संघाला मिकी माऊसचा कारभार म्हटलं. ते वाक्य त्यांच्या कपाळी बसलं. बाद फेरी पहिल्यांदा गाठली ती १९८८ मध्ये, तीही मोसमाच्या अगदी शेवटच्या रात्री, जादा वेळेत. ते सगळं खाल्लेला हा माणूस १९९५ मध्ये पहिला कप उचलत होता.

१९९५ ची अंतिम फेरी बचाव शिकवणाऱ्या प्रत्येकानं बघावी. प्रशिक्षक जाक लमेर. समोर डेट्रॉइट, त्या वर्षीचा सगळ्यांत तगडा संघ. लमेरनी मैदानाच्या मधल्या पट्ट्यात पाचही जणांचा सापळा लावला. चकतीवाल्याला एक जण कडेला वळवतो, दुसरा तिथं आधीच उभा, बाकीचे मधली वाट अडवून. चार सामन्यांत डेट्रॉइटला फक्त सात गोल करता आले आणि चौथ्याच सामन्यात फेरी संपली. लोक तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणतात की या सापळ्यानं खेळ कंटाळवाणा केला. मला हे पटत नाही. पाच माणसं एकाच वेळी एकाच गोष्टीचा विचार करताना बघणं यात कंटाळवाणं काय आहे? आपल्याकडे साखळी धरून कव्हर आणि कॉर्नर एकदम मिटतात, चढाईवाला मध्यरेषेकडे हात लांबवतो आणि तो हात वितभर कमी पडतो, तेव्हा श्वास रोखून बघतोच ना आपण?

आता खरं दुखणं सांगतो. कबड्डीचा गुणफलक चढाईवाल्याला बरोबर मोजतो. गडी बाद केला, गुण. बोनस घेतला, गुण. कॉर्नरनं पकड केली तर तोही गुण मिळतो आणि स्पर्धेत उत्कृष्ट पकडीचं बक्षीसही असतं, नाही असं नाही. पण कॉर्नर जसजसा चांगला होत जातो तसतसं चढाईवाले त्याच्या बाजूला जाणंच सोडतात. तीस सेकंद मधेच नाचून, दुसऱ्या बाजूला हात फिरवून परत जातात. चढाई रिकामी. गुणफलकावर शून्य. त्या शून्यामागे डाव्या कॉर्नरला उभा असलेला मुलगा असतो, त्याच्या पायांची ठेवण असते, त्याचा धाक असतो. आणि सामना संपल्यावर त्याच्या पकडी मोजल्या तर एक किंवा दोन. निवड चाचणीला कागद बघणारा माणूस म्हणतो, याच्या पकडी कमी आहेत. कबड्डीवर पोलिसात, रेल्वेत, बँकेत नोकरी लागते, घर उभं राहतं, म्हणून तो कागद साधा नाही.

हॉकीतही हेच चालत आलंय. तिथं वर्षातल्या उत्तम बचावपटूला नॉरिस ट्रॉफी देतात आणि ती बहुतेक वेळा गोल करणाऱ्या बचावपटूच्या घरी जाते. अपवाद झाला तो रॉड लँगवेचा. १९८२ मध्ये तो वॉशिंग्टनला आला. तो संघ १९७४ पासून एकदाही बाद फेरीत गेला नव्हता. लँगवे आल्यावर पहिल्याच मोसमात गेला. त्या मोसमात त्याचे गोल होते तीन. आणि नॉरिस त्यालाच मिळाली. पुढच्या वर्षी पुन्हा त्यालाच, आणि तेही त्या वर्षी एडमंटनचा पॉल कॉफी हा बचावपटू १२६ गुण करून बसलेला असताना. मत देणाऱ्यांनी तेव्हा कागदावरून डोळे उचलून बर्फाकडे बघितलं होतं.

डॅनिकोला नॉरिस कधी मिळाली नाही. त्याच्याकडे आहे ती बिल मास्टरटन ट्रॉफी, २००० सालची. ही खेळावरची निष्ठा आणि चिकाटी यासाठी देतात. त्याला ती का मिळाली हे मला आमच्या भागातल्या प्रत्येक खेळाडूला सांगायचंय. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये, ऐन मोसमात, डॅनिको स्वतःहून लीगच्या व्यसनमुक्ती उपचाराला गेला. दारू. संघातला सगळ्यांत कणखर म्हणून ज्याच्याकडे बघायचे तो माणूस उठला आणि म्हणाला की मला हे एकट्यानं सुटत नाही. परत आला, पुन्हा जागा मिळवली, २००० आणि २००३ चे कप त्यानंतरचे.

आमच्याकडे सामना जिंकला तर पार्टी आणि हरला तरी पार्टी. कोणीतरी हौशी माणूस बाटल्यांचा खर्च करतो आणि सगळे त्याला संघाचा आधार म्हणतात. माझ्याबरोबर कव्हरला खेळलेला एक मित्र, खांद्यानं असा ब्लॉक घालायचा की चढाईवाल्याचे दोन्ही पाय मातीवरून सुटायचे. चाळिशीच्या आत गेला. त्याच्या अंगात ताकद किती होती ते मला माहीत आहे, मी त्याच्याशेजारी उभा राहिलोय. ताकदीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. त्याला कोणी डॉक्टरकडे नेलं नाही कारण एवढ्या तगड्या माणसाला डॉक्टर कशाला, असंच सगळ्यांना वाटलं. मुलांना मी डॅनिकोची ही गोष्ट सांगतो आणि मित्राचीही सांगतो, त्याच्या घरच्यांना विचारून.

ज्या बिल मास्टरटनच्या नावानं ती ट्रॉफी आहे, तो मिनेसोटाचा खेळाडू. जानेवारी १९६८ मध्ये सामन्यात धडक बसून मागे पडला, डोकं बर्फावर आपटलं. हेल्मेट नव्हतं, तेव्हा जवळजवळ कोणीच घालत नसे. दोन दिवसांनी, १५ जानेवारीला गेला. एवढं होऊनही हेल्मेटची सक्ती यायला १९७९ उजाडलं, आणि तीही फक्त नव्यानं करार करणाऱ्यांना. जुन्यांना सूट होती. शेवटचा बिनहेल्मेटचा खेळाडू १९९७ मध्ये निवृत्त झाला. लँगवेसुद्धा शेवटपर्यंत उघड्या डोक्यानं खेळला.

इथं मला स्कॉट स्टीव्हन्सबद्दल लिहायलाच हवं. डॅनिकोचा कप्तान. दोघं १९६४ च्या एप्रिलचे, स्टीव्हन्स १ तारखेचा, डॅनिको १७ चा. दोघांची निवड १९८२ च्या एकाच ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, झाली. स्टीव्हन्स आधी वॉशिंग्टनला खेळला, मग सेंट लुईसला, १९९१ मध्ये न्यू जर्सीला आला आणि तिथलाच झाला. त्याच्यासारखी धडक मी दुसऱ्या कोणाची बघितली नाही. समोरचा मान खाली घालून चकती बघत मध्यावर येतो, स्टीव्हन्स आडवा येतो आणि खांदा घालतो. २६ मे २००० ला फिलाडेल्फियाच्या एरिक लिंड्रॉसला असाच पाडला. तोही सातवा सामना. लिंड्रॉस आधीच डोक्याला मार बसून बाहेर होता, परत येऊन त्याचा तो दुसराच सामना होता. तेव्हाच्या नियमात ती धडक बसत होती, शिक्षा झाली नाही. न्यू जर्सी जिंकली, पुढे कप जिंकला, स्टीव्हन्सला बाद फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं.

मी ती धडक पुष्कळदा बघितलीय. त्यातलं वेळेचं गणित अचूक आहे, पाय कुठं होते, खांदा कुठं होता, सगळं शिकण्यासारखं. आणि तरीही ती मी मुलांना दाखवत नाही. पडल्यानंतरचा लिंड्रॉस बघवत नाही.

माँट्रियलच्या त्या रात्री म्हातारे आणखी एक सांगत होते, दोनच दिवसांपूर्वीचं. सहाव्या सामन्यात स्टीव्हन्सनं अ‍ॅनाहाइमच्या पॉल कारियाला पाडलं. तो बर्फावर निपचित पडला, त्याला आत नेलं, आणि काही मिनिटांत तो परत आला आणि त्यानं गोल केला. सगळं स्टेडियम वेडं झालं. म्हातारेही सांगताना भारावले होते आणि ऐकताना मीही भारावलो. आज तोच प्रसंग बघताना माझ्या पोटात गोळा येतो. कारियाची कारकीर्द पुढे डोक्याच्या मारांनीच संपली, २०११ मध्ये त्यानं निवृत्ती घेतली. आणि स्वतः स्टीव्हन्स? जानेवारी २००४ नंतर तो खेळू शकला नाही. त्याच्याही डोक्याचंच दुखणं. आयुष्यभर धडका देणारा माणूस, त्या धडका त्यालाही लागत होत्या. १,६३५ सामने खेळून थांबला.

मग नियम बदलले. बाजूनं येऊन डोक्याला नेम धरून दिलेली धडक २०१० मध्ये लीगनं बंद केली. २०११ पासून डोक्याला मार बसल्याची शंका आली की खेळाडूला बाहेर नेऊन शांत खोलीत डॉक्टरनं तपासायचं, बाकावर बसवून दोन प्रश्न विचारून परत सोडायचं नाही.

आता आमच्या मातीवर या. घोटा धरायला कॉर्नर सूर मारतो तेव्हा त्याचं डोकं चढाईवाल्याच्या गुडघ्याच्या रेषेत असतं. हे दर सामन्यात होतं. हेल्मेट नाही, पॅड नाही, खाली कधी मॅट तर कधी रोलर फिरवलेली माती. गेल्या हिवाळ्यात जत्रेच्या स्पर्धेत आमच्या डाव्या कॉर्नरच्या मुलाला कानशिलावर गुडघा बसला. तो उठला. चालत गेला आणि उजव्या कॉर्नरला जाऊन उभा राहिला. तिथं आमचा दुसरा मुलगा आधीच उभा होता, हा त्याच्याकडे बघतोय आणि तरी सरकत नाही. बाहेरून लोक ओरडत होते, “काय एक झाला नाय, उभो रव!” मी पंचांना हात केला आणि त्याला बाहेर घेतलं. तो रडायला लागला, मी ठीक आहे म्हणून. मी त्याला विचारलं, आपली शेवटची पकड कोणी केली? त्यानंच केली होती. त्याला सांगता आलं नाही.

आम्ही तो सामना हरलो आणि मंडळातले काहीजण माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. मुलाला त्याच रात्री गाडी करून दवाखान्यात नेलं. स्कॅन झाला, आत रक्त वगैरे काही नव्हतं. पण स्कॅन चांगला आला म्हणजे डोकं बरं आहे असं नव्हे, हे डॉक्टरांनीच त्याच्या आईवडिलांना सांगितलं. पुढे कितीतरी दिवस त्याला उन्हात डोळे उघडवत नव्हते, वाचायला बसलं की मळमळायचं. आधी पूर्ण विश्रांती, मग नुसतं चालणं, मग हलकं धावणं, मग एकट्यानं पायांचा सराव, आणि अगदी शेवटी अंगाला अंग लागणारा खेळ. मधेच डोकं दुखलं तर थांबायचं आणि एक पायरी मागे यायचं. तो आता पुन्हा खेळतो. सूर मारताना डोकं बाहेरच्या बाजूला ठेवून खांदा आत घालायचा, हे आम्ही त्याच्याकडून रोज संथ गतीनं करून घेतो, आणि बाकीच्यांकडूनही.

बेशुद्ध पडला तरच डोक्याला लागलं, हे आमच्याकडे अजून घट्ट बसलेलं आहे. ते चुकीचं आहे. उभ्या-उभ्या, बोलता-बोलताही ते झालेलं असतं. डोकं दुखतंय, अंधारी येतेय, आवाज सहन होत नाही, गुण किती झाले ते आठवत नाही, यातलं एक जरी असलं तरी त्या दिवशी खेळ संपला. आमच्या मैदानावर हे आता ठरलेलं आहे आणि मंडळानंही मान्य केलंय. स्पर्धेच्या रात्री एक गाडी ड्रायव्हरसकट उभी ठेवायची हेही त्यांनीच पुढे होऊन ठरवलं, ज्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं त्यांनी.

दुसरी गोष्ट मी स्वतः सुरू केली. एक वही. प्रत्येक सामन्याला बाहेर बसून एक मुलगा समोरच्याच्या रिकाम्या चढाया लिहितो: चढाईवाला कुठल्या बाजूला गेला, कुठल्या बाजूला गेलाच नाही, परत फिरला तेव्हा त्याच्या सगळ्यांत जवळ आमचा कोण होता. सुरुवातीला मुलं कंटाळायची, आता वही कोणाकडे यावरून भांडतात. एका मोसमाच्या नोंदी झाल्या की दिसतं, काही मुलांच्या बाजूला चढाईवाले फिरकतसुद्धा नाहीत. गेल्या स्पर्धेत सगळ्यांत जास्त रिकाम्या चढाया ज्याच्यासमोर लागल्या, त्या मुलाच्या स्वतःच्या पकडी फक्त दोन होत्या. जिल्ह्याच्या निवड चाचणीसाठी मी त्याचं नाव पाठवलंय, आणि अर्जासोबत वहीच्या त्या पानांची झेरॉक्स जोडलीय.